शेपटीवर पापड्या

काल दुपारी बँकेत केवायसी करायला गेलो (या वर्षातली तिसरी, मी अजून तोच माणूस आहे हे त्यांना पटतच नाही), दोन तासानं परत आलो तर माझ्या विमानाच्या शेपटीवर तांदळाच्या पापड्या वाळत होत्या. मोजल्या. ६३.

विमान म्हणजे खरंखुरं. आरव्ही-१२, दोन सीटचं, किट मागवून घरी जोडायचं. भोकं पाडलेले पत्रे अमेरिकेतनं येतात, आपण जुळवायचे आणि रिव्हेट (पत्रे कायमचे जोडणारे खिळे) मारत बसायचं. आधी शेपूट, मग पंख, मग बाकीचं धूड, शेवटी शंभर हॉर्सपॉवरचं रोटॅक्स इंजिन, त्याच्यासाठी बहुतेक घर विकायचं. तर सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या अंगणात शेपटीचा आडवा पंख दोन घोड्यांवर ठेवला होता, पुसून, चकचकीत.

"काकू, हे काय?"

"पापड्या." शेजारच्या काकू माझ्याच खुर्चीत बसून कावळे हाकत होत्या. "आमच्या गच्चीवर त्या अपार्टमेंटची सावली येतीय. तुझा पत्रा रिकामाच पडलेला, म्हटलं घालतो." (आमच्याकडं बायकापण 'घालतो' म्हणतात, पुणेकरांनी आठ्या घालू नयेत.)

"पत्रा नाही हो, विमानाची शेपूट आहे."

"मग? आज उडणार आहे का?"

याला काय उत्तर देणार.

"आणि थेट कुठं घातल्यात, खाली काकांचं धोतर आहे की. धुतलेलं." धोतर वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेनं टाचलेलं होतं, आणि कशानं टाचलं होतं ते बघून माझे पाय लटपटले. क्लेको! क्लेको म्हणजे स्प्रिंगवाली छोटी पिन, रिव्हेट मारेपर्यंत पत्रे एकमेकांना धरून ठेवते. रंगावरनं साइज कळतो, माझ्या एक अष्टमांश इंचाच्या, तांब्याच्या रंगाच्या. बाईंनी एका कडेच्या उपसून दुसऱ्या कडेला, धोतरातनं आरपार, रिकाम्या भोकांत खुपसल्या होत्या. पहिली कड तोंड वासून पडलेली.

"या काढल्या कशा तुम्ही?"

"ती पक्कड होती की शेजारी. दाबलं की सुटतंय. लै सोपंय." मला पहिल्या दिवशी हेच शिकायला अर्धा तास आणि चार व्हिडिओ लागले होते.

मग मी चिडून केमिस्ट्री काढली. काकू, पापडखार अल्कली असतो, ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो तो खार खातो, मग मीठ लागून पत्र्याला बारीक खड्डे पडतात, आणि हा पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर आहे, ओलं धोतर तर अजूनच वाईट, ओल धरून ठेवतं.

"आमची परात बघ, ॲल्युमिनियमचीच. वीस वर्षं झाली."

"काळी पडली असेल."

"पडली. मग काय, परात उडवायचीय का?"

राईट बंधू डेटन सोडून पार किटी हॉकच्या वाळूत का गेले ते मला काल कळलं. वाऱ्यासाठी गेले म्हणतात. असेल. पण तिथं शेजारी पण कमी होते. त्यांच्या पंखांवर मलमल होती हे मात्र काकूंना सांगितलं नाही, नाहीतर धोतराला आधार मिळाला असता.

हसू येतं, पण खरं सांगू का, काकूंचा राग नाहीच आलाय फारसा. त्या निदान शेपटीचा उपयोग तरी करतात. बाकीचे येतात, फोटो काढतात, "परवानगी आहे का?" विचारून चहा पिऊन जातात. कांदिवलीत अमोल यादवांनी गच्चीवर विमान बांधलं, २०१६ ला मेक इन इंडियात सगळ्या देशानं बघितलं, तरी नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं. मग माझ्यासारख्याला कोण विचारतो. जवळ कवलापूरला धावपट्टी आहे, तिथं विमान कुणी बघितलंय? कस्टममधनं किट सोडवताना पण साहेबांनी तीनदा विचारलं, पत्रे कशाचे? विमानाचे. नाही, नक्की कशाचे? साहेबांच्या लेखी मी कोल्ड स्टोरेज बांधत असणार.

संध्याकाळी शेपूट साबण लावून धुतली, पुसली, क्लेको परत जागेवर लावल्या. कडेजवळ दोन डाग राहिलेत, गोल, पापडीच्या मापाचे. रात्री काकूंकडनं डबा आला. पापड्या तळलेल्या, आणि कडेच्या सातआठ पापड्यांवर माझ्या रिव्हेटच्या भोकांची ओळ उमटलेली, अगदी सरळ, एकसारख्या अंतरावर. माझं काम एवढं नीट आलंय हे मला तिथं कळलं. खाल्ल्या. छान झाल्या होत्या, हेच जास्त लागलं.

डबा परत द्यायला गेलो तेव्हा काकूंनी सहज विचारलं, पुढं काय येणार? मी पण मूर्ख, उत्साहानं सांगून बसलो, पंख, टोकापासून टोकापर्यंत साधारण २७ फूट.

काकू दोन मिनिटं हिशोब करत होत्या. मग आत वळून काकांना ओरडून म्हणाल्या, "अहो, पुढच्या उन्हाळ्याला तांदूळ दहा किलो जास्त आणायचे!"