पगारी वकिलाचा सल्लाही सल्लाच

पार्ल्याची माझी मैत्रीण बीकेसीतल्या एका कंपनीच्या विधी विभागात आहे. नोकरी धरली तेव्हा तिने नियमाप्रमाणे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, बार कौन्सिलकडे जमा केली. परवा फोनवर म्हणाली, "आता नाजूक सल्ला लेखी देतच नाही गं. समोर बसवून सांगते."

ते ऐकून मला वाईट वाटलं. 31 ऑक्टोबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना समन्स काढण्यावर निकाल दिला. तपास यंत्रणांना त्याने चाप लावला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्याच निकालानुसार भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 चं, म्हणजे वकील आणि अशिलातलं बोलणं गोपनीय राखण्याचं, संरक्षण कंपनीच्या पगारी वकिलाला नाही. कायदा सल्लागाराशी झालेलं गोपनीय बोलणं उघड करायला लावता येत नाही, या कलम 134 चा थोडा आधार आहे, पण मालकाशी झालेल्या त्याच्या बोलण्याला तोही नाही. कारण काय, तर पगारी माणूस स्वतंत्र नसतो.

इथे न्यू जर्सीत दिवाणी दाव्यांची कागदपत्रं तपासणं हेच माझं काम. सबपीना, म्हणजे कागदपत्रं हजर करण्याचा आदेश, आला की हजारो ईमेल उघडायचे. कंपनीच्या वकिलाचा कायदेशीर सल्ला असेल तो बाजूला ठेवायचा. फेडरल म्हणजे केंद्रीय न्यायालयांत पगारी वकिलालाही हे संरक्षण आहे; 1981 च्या अपजॉन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही ते मानलं. मात्र गुपचूप काही ठेवता येत नाही. रोखलेल्या कागदांची यादी द्यावी लागते: तारीख, कोणी लिहिलं, कोणाला, कशाबद्दल, का रोखलं. समोरचा पक्ष त्यावर भांडू शकतो.

गैरवापर इथेही होतो. काही लोक साध्या किमतीच्या ईमेलमध्येही वकिलाला सीसीत घालतात आणि मग 'गोपनीय' म्हणतात. मागच्या आठवड्यात असे कितीतरी मी यादीतून काढले. वकिलाचं नाव वर होतं, आत फक्त ट्रकचं भाडं.

पगारी वकील मालकाच्या दबावाखाली असतो, हे मला मान्य आहे. त्यावर उपाय अशी यादी आहे, आणि वाद असेल तिथे न्यायाधीशाने कागद स्वतः पाहावा. सरसकट संरक्षण काढलं तर लेखी सल्लाच थांबतो. "हे करू नका, बेकायदा आहे" असं मैत्रीण साहेबांना बजावते, त्याचा आज एकही कागद उरत नाही. उद्या साहेबांनी ऐकलं नाही, तर आपण बजावलं होतं हे ती दाखवणार कशाने?