फॅक्सच्या ‘ओके’बद्दल खुलासा

नागपुरातल्या सीताबर्डी, सिव्हिल लाइन्सकडच्या अर्ज-टायपिंगवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘फॅक्सच्या पावतीवर ओके आलं म्हणजे कागद साहेबांच्या हातात पडला.’ हे अर्धंच खरं आहे.

ओके येतं कुठून? पान पाठवून झालं की समोरचं मशीन ‘मिळालं’ असा संकेत परत पाठवतं. तांत्रिक भाषेत त्याला एमसीएफ म्हणतात, आणि तो टी.३० या आंतरराष्ट्रीय नियमावलीचा भाग आहे. तो संकेत आला की आपलं मशीन पावतीवर ओके छापतं. म्हणजे बोलणं दोन मशीनमधलं, माणसाचा संबंध नाही. समोर कागद संपला असेल तर बरीच मशीन पान मेमरीत ठेवतात आणि तरीही ओके देतात. नंबर चुकून दुसऱ्याच फॅक्सवर गेलं तरी ओकेच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पान उलटं घातलं, कोरी बाजू गेली, तरी पावती झकास! मी स्वतः असं एकदा केलंय, म्हणून जरा जोरात सांगतोय.

पावतीवरची तारीख-वेळही पाठवणाऱ्याच्या मशीनच्या घड्याळाची असते; ते घड्याळ चुकलेलं असू शकतं.

मग करायचं काय? पावती फेकू नका. त्यावरचा नंबर आणि पानांची संख्या ताडून घ्या. मग फोन करा: ‘भाऊ, तीन पानं आली का, शेवटच्या पानावरची सही दिसते का?’ बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ पावतीच्या मागे लिहून ठेवा.