कोगनोळी नाका, लसीचं सर्टिफिकेट आणि आपला वैताग

कोरोनाचा विषय निघाला की एक वाक्य अजून हमखास कानावर येतं: "आपल्या सीमाभागातल्या खेड्यांना लसच नको होती, अडाणी लेकाचे." बोलणारा बहुतेक वेळा शहरातला, दोन डोस आणि वर बूस्टर घेतलेला. मला हे पटत नाही. महाराष्ट्राला लागून कर्नाटकात असलेली निपाणी, चिकोडी, कागवाड, खानापूर, बेळगाव तालुक्याची खेडी, सगळीकडे सुरुवातीला मागं सरणारे लोक होते, हे खरं. पण त्यांच्या कारणांत अंधश्रद्धा थोडी होती. वेळ, मजुरी आणि सरकारच्या शब्दाचा भरवसा या गोष्टी जास्त होत्या.

आधी नाक्याचं बघू. फेब्रुवारी २०२१ पासून महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्याला ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट लागायचा. तपासणीचे नाके: हायवेवर कोगनोळी, मिरज रस्त्याला कागवाड, शिनोळीच्या बाजूला बाची. बेंगळुरात बसून नकाशा बघणाऱ्याला ही राज्याची सीमा दिसते. इथं घर महाराष्ट्रातल्या कागलला आणि दुकान निपाणीत असतं. तिकडच्याच चंदगडचा पोरगा बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीत पाळीला येतो. ऑपरेशन म्हटलं की अथणी-कागवाडची माणसं मिरज गाठतात. लेकी-सुना तर दोन्हीकडं. रोज ये-जा करणाऱ्यांना १५ दिवसांतून एकदा टेस्ट पुरेल, उपचारासाठी किंवा घरातल्या मयतीसाठी येणाऱ्याचा स्वॅब नाक्यावरच घेऊन सोडावं, दोन वर्षांखालच्या मुलांना टेस्ट नको, अशा सवलती आदेशात होत्या. पण ज्याच्यासाठी सवलत, त्याला ती त्याच्या भाषेत सांगितली नाही तर तिचा उपयोग काय? कन्नड-इंग्रजी परिपत्रकाच्या पोटात दडलेलं कलम चंदगडच्या कामगाराला कोण वाचून दाखवणार?

बरं, त्या रिपोर्टातून नेमकं काय कळत होतं? संसर्ग झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस नाका-घशातला विषाणू इतका कमी असतो की टेस्ट बहुधा निगेटिव्ह येते. म्हणजे रविवारी बाधा झालेला माणूस सोमवारी स्वॅब देऊन बुधवारी निगेटिव्ह कागदासह नाका ओलांडतो, आणि नेमका त्याच सुमारास तो इतरांना संसर्ग देऊ लागतो. उलट, महिन्यापूर्वी बरा झालेल्याच्या नाकात विषाणूचे मेलेले तुकडे उरतात. तो कुणाला आजार देत नाही, पण रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि तो अडकतो. शिवाय सरकारी दवाखान्यात टेस्ट फुकट असली तरी रिपोर्टाला एक-दोन दिवस जायचे आणि ७२ तासांतले तेवढे तास वायाच जायचे. घाई असलेल्यानं खासगी लॅबला पैसे मोजायचे. नाक्याचा काहीच उपयोग नव्हता असं मी म्हणत नाही. विनाकारण फिरणारे घटले, तेवढा फायदा झाला. पण लोकांना तो रोग अडवणारा नाका वाटला नाही, कागद तपासणारा वाटला. कागदच तपासणार म्हटल्यावर कुणी कागद आणतं, कुणी शेताडीची वाट धरतं.

खरा घोळ झाला तो जुलै २०२१ मध्ये. त्या महिन्यात कर्नाटकानं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना मुभा दिली: लसीचा किमान एक डोस घेतल्याचं सर्टिफिकेट दाखवा, टेस्ट नको. लस घ्यायला यापेक्षा चांगलं कारण कुणी दिलं नसतं. आशाताई घरोघर जाऊनही जे पटलं नव्हतं ते या मुभेनं पटलं असतं. आणि ३१ जुलैला नवं परिपत्रक आलं: लस घेतलेली असो वा नसो, ७२ तासांतला निगेटिव्ह रिपोर्ट लागणारच.

यामागं शास्त्र नव्हतं असं नाही. विषाणूचा डेल्टा प्रकार पसरत होता, केरळ-महाराष्ट्रात आकडे मोठे होते. एका डोसानं डेल्टापासून मिळणारं संरक्षण तोकडं होतं. दोन डोस घेतलेला माणूसही संसर्ग घेऊन दुसऱ्याला देऊ शकत होता, फक्त तो स्वतः दवाखान्यात भरती होण्याची शक्यता खूपच कमी व्हायची. हे तीन वाक्यांत मराठीत सांगता आलं असतं. कुणी सांगितलं नाही. मग चहाच्या टपरीवर सरळ निष्कर्ष निघाला: "लस घेऊन पण सोडत नाहीत, म्हंजे लसीत काय दम नाही." या निष्कर्षाला अडाणीपणा म्हणू नका. सरकारच्या वागण्यावरून काढलेलं ते अनुमान होतं, आणि सरकार तसंच वागत होतं.

अंतराचंही तेच. कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर आधी ४ ते ६ आठवडे, मार्च २०२१ मध्ये ६ ते ८, आणि १३ मे रोजी १२ ते १६ आठवडे. कोव्हॅक्सिनचं मात्र ४ ते ६ आठवड्यांवरच राहिलं. एप्रिलच्या सुरुवातीला पहिला डोस घेतलेली म्हातारी मे महिन्याच्या मध्यावर दुसऱ्यासाठी केंद्रावर गेली की परत पाठवली जायची, आणि शेजारची कोव्हॅक्सिनवाली तिच्यासमोर टोचून जायची. अंतर वाढवलं की प्रतिकारशक्ती जास्त चांगली तयार होते असा अभ्यास हाताशी होता. त्याच वेळी लसीचा तुटवडाही होता. लोकांना तुटवडा डोळ्यांना दिसला, अभ्यास कुणी दाखवला नाही.

आता केंद्राच्या आतलं बघू, कारण बरेच गैरसमज तिथं जन्मले. कोविशील्डची कुपी ५ मिलीची, प्रत्येकी अर्ध्या मिलीचे १० डोस. एकदा फोडली की ४ तासांत संपवायची, उरलं तर फेकायचं. वाया गेलेल्या डोसांचा हिशेब वर द्यावा लागायचा. त्यामुळं दुपारी चारला दोनच माणसं आली तर नर्सबाई कुपी फोडायला कचरायच्या. "आठ-दहा जण जमवून आणा" म्हणायच्या. बाहेर जाऊन माणूस सांगायचा, "लस नाही म्हणाले." दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावात तीच बातमी. लस फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर असायची. गावातल्या शिबिराला ती बर्फाच्या पॅकसह छोट्या पेटीतून जायची, म्हणून शिबिराची वेळही ठरलेली, तास-दोन तासांनी मागंपुढं करणं अवघड. गोठली तर फ्रीजबाहेर राहिल्याइतकीच निकामी, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं.

ही वेळ कुणाला सोयीची होती? निपाणीची विडी वळणारी बाई हजारी मजुरीवर काम करते. वळल्या तेवढ्या विड्यांचे पैसे. लसीनंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी, दंड जड होणं हे अपेक्षितच होतं, शरीर प्रतिकाराची तयारी करत असल्याची ती खूण. पण तिच्यासाठी ताप म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडणं, आणि त्याची भरपाई देणारं कुणी नव्हतं. पगारी रजा असलेल्यांनी तिला धीट व्हायला सांगणं सोपं आहे. खानापूरकडं जुलैत भात लावणी. चिखलात उभी राहणारी बाई सकाळी अकराच्या शिबिराला येणार कशी? शिबिर संध्याकाळी, देवळाच्या मंडपात, एका घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी टोचण्याऐवजी आज निम्मे आणि चार दिवसांनी निम्मे असं ठेवलं, तर घरात चूल पेटवायला आणि जनावरांना वैरण टाकायला कुणीतरी उभं राहतं. हा साधा हिशेब आहे. जिथं गावातल्या पंचांनी आणि आशाताईंनी मिळून तो केला तिथं रांगा लागल्या.

खानापूरच्या जंगलपट्टीत मोबाईलची रेंज नाही, ओटीपी येणार कसा? १८ ते ४४ वयोगटाला मे २०२१ मध्ये ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती, तेव्हा बेळगावात बसून स्लॉट पटकावणारी पोरं खेड्यातल्या केंद्रावर गाडीनं जाऊन टोचून यायची आणि गावातली बघत बसायची. शहरातले यावर गप्प असतात. आणि सीमाभागाचा खास घोटाळा नावाचा. पहिला डोस कागलला आधारवर, दुसरा निपाणीत दुसऱ्या ओळखपत्रावर आणि पोराच्या मोबाईलवर. एकीकडं नाव-वडील-आडनाव, दुसरीकडं आद्याक्षर आधी. लसीच्या नोंदणीच्या कोविन पोर्टलनं ही दोन वेगळी माणसं धरली आणि दोन "पहिल्या डोसाची" सर्टिफिकेटं काढली. ती जोडायची सोय पोर्टलवर नंतर आली. दोन्ही नोंदी एकाच मोबाईल नंबरखाली असल्या आणि नाव जुळलं तरच ती चालायची.

सणांच्या नियमांबद्दल एकच उदाहरण देतो. सप्टेंबर २०२१ च्या गणेशोत्सवाला कर्नाटकाचा आदेश: प्रत्येक वॉर्डात एक सार्वजनिक गणपती, मूर्ती ४ फुटांपर्यंत, जास्तीत जास्त ५ दिवस. बेळगावात वॉर्ड ५८. पण आपली मंडळं वॉर्डावर चालत नाहीत, गल्लीवर चालतात. एका वॉर्डात चार-पाच गल्ल्या, त्यांची स्वतंत्र मंडळं, काही तर एकमेकांशी बोलतही नाहीत. एक गणपती कुणाचा, हे ठरवायचं कुणी? मूर्तीच्या उंचीवरून विषाणूला काय फरक पडतो, हे तर मला आजही कळलेलं नाही. बंदिस्त मंडपात आरतीला किती डोकी आणि किती वेळ, एवढंच मोजायचं होतं. त्याच महिन्यात, ३ सप्टेंबरला, महापालिकेची निवडणूक झाली होती. एप्रिलमध्ये, दुसरी लाट चढत असताना, बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक झाली होती, तीही खासदार सुरेश अंगडी यांच्या कोरोनानं झालेल्या निधनामुळं रिकाम्या झालेल्या जागेसाठी. प्रचारसभा चालतात आणि ऑगस्टपासून सीमेवरच्या जिल्ह्यांत शुक्रवारी रात्री ९ ते सोमवारी पहाटे ५ कर्फ्यू, हे शेजारी-शेजारी ठेवून बघणाऱ्या व्यापाऱ्यानं नियम मनापासून पाळावा अशी अपेक्षा कशी करायची? एप्रिल-मेमध्ये दुकानं सकाळी ६ ते १० एवढीच उघडी ठेवली, तेव्हा दिवसभराची गर्दी चार तासांत कोंबली गेली. बेळगावच्या रविवार पेठेत त्या चार तासांत पाय ठेवायला जागा नसायची.

दुष्परिणामांबद्दल लपवाछपवी केली तिथं लोकांनी व्हॉट्सअॅपवर विश्वास ठेवला. कोविशील्डनंतर रक्ताची गुठळी आणि प्लेटलेट कमी होण्याचा दुर्मीळ त्रास होऊ शकतो हे २०२१ च्या एप्रिलपासून जगाला माहीत होतं. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारच्या समितीनं भारतातलं प्रमाण दर दहा लाख डोसांमागे ०.६१ असं सांगितलं, आणि लसीनंतर २० दिवसांत तीव्र डोकेदुखी, दम, पोटदुखी, पायाला सूज आली तर दवाखाना गाठा असंही सांगितलं. केंद्रावर अर्धा तास बसवून ठेवायचे तेव्हा हे चार शब्द बोलता आले असते. बोलले नाहीत, म्हणून २०२४ मध्ये मूळ कंपनी अॅस्ट्राझेनेकानं हा दुर्मीळ त्रास मान्य केल्याची इंग्लंडच्या कोर्टातली बातमी आली तेव्हा ती नवी वाटली आणि आजही एखादा तरुण अचानक गेला की पहिलं बोट लसीकडं जातं.

गंमत म्हणजे ज्या भागाला लसीचं वावडं म्हणतात, त्याच भागात, बेळगावात, टिळकवाडीचं व्हॅक्सिन डेपो आहे. सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल की तिथं देवीची लस तयार व्हायची?

कोरोना मागं पडला, पण त्या काळात बसलेला अविश्वास आता पोरांच्या लसीवर निघतोय, आणि तिथं खरंच जीव जाऊ शकतो. गोवर-रुबेलाचे दोन डोस: पहिला ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. एक चुकला म्हणून सगळं परत सुरू करावं लागत नाही, राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंत देता येतो. ऊस तोडायला बीडकडून येणाऱ्यांच्या पोरांचं नेमकं इथंच निसटतं: ९ महिने भरतात तेव्हा पोर अथणीच्या फडावर, १६ महिने होतात तेव्हा परत गावी. वेळापत्रक दोन्ही राज्यांत एकच असतं, कार्ड तेवढं वेगळं. कर्नाटकात तायी कार्ड, तिकडं माता-बाल कार्ड. म्हणून आई-बापाला सांगायचं ते एवढंच: कार्डाच्या सगळ्या पानांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा, फडाजवळच्या सरकारी दवाखान्यात लसीकरणाचा वार कुठला ते आल्या आठवड्यात विचारा. मुकादमांनी आणि कारखान्याच्या शेतकी खात्यानं एक करावं: टोळी आली की पाच वर्षांखालच्या पोरांची यादी आशाताईंकडं द्यावी, नाव, महिने आणि टोळी कधी परतणार ती तारीख. आणि दवाखान्यातल्यांना एवढंच: कार्ड हरवलं असेल तर पोराला परत पाठवू नका, आईला विचारून डोस द्या आणि नवं कार्ड करून द्या.