पाच वर्षांत डॉक्टर झाली असती

गणपतीच्या जेवणाच्या रांगेत कुणीतरी माझी ओळख "या चित्रकलेच्या ॲडमिशनचं बघतात" अशी करून दिली आणि पुढे उभे असलेले काका गर्रकन मागे वळले. मी एका आईला ब्राउन युनिव्हर्सिटी आणि रिझडी हे आर्ट कॉलेज यांचा मिळून असलेला पाच वर्षांचा ड्युअल डिग्री कोर्स आणि टफ्ट्स युनिव्हर्सिटीतला तसाच कोर्स यांतला फरक सांगत होते. त्यांच्या मुलीला चित्रकलाही हवी होती आणि न्यूरोसायन्सही. काकांनी अर्धंच ऐकलं आणि निकाल दिला, "पाच वर्षं? पाच वर्षांत पोरगी डॉक्टर झाली असती."

नसती झाली. अमेरिकेत आधी चार वर्षं कॉलेज, मग चार वर्षं मेडिकल, मग रेसिडेन्सी. इतकी वर्षं इथे काढलेल्या काकांना हे पक्कं ठाऊक आहे. पण रांगेत हशा पिकला होता, त्यामुळे दुरुस्ती करणारी मीच खडूस ठरले.

"पण डबल मेजरच ना हे?" त्यांचा पुढचा प्रश्न. नाही. डबल मेजरला विषय दोन, डिग्री एक. ड्युअल डिग्रीत डिग्र्याच दोन: एक बीएफए, म्हणजे कलेची डिग्री, आणि एक बीए किंवा बीएस. बीएफएत निम्म्याहून बराच जास्त अभ्यास कलेचाच असतो, म्हणून दोन्ही चार वर्षांत मावत नाहीत आणि पाचवं लागतं. कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीचा बीएक्सए हा कोर्स चार वर्षांत होतो, तिथेही अभ्यास दोन कॉलेजांचा, पण डिग्री एकच. ज्याला अभ्यास हवाय, दुसरा कागद नकोय, त्याने तेच करावं असं माझं स्पष्ट मत आहे. एवढ्या सगळ्यावर काका म्हणाले, "म्हणजे भिंतीवर फ्रेम दोन लागणार."

पुढे विषय रिझडीचा, म्हणजे ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनचा निघाला. तिथे पूर्वी कित्येक वर्षं अर्जासोबत सायकलचं चित्र पाठवावं लागायचं. हे ऐकून काका पेटलेच. "सायकल? ती तर बालवाडीतली पोरंही काढतात." त्यांनी त्या बाईंच्या पर्समधलं पेन मागून घेतलं, कागदी ताटली उलटी केली आणि वरणाची कागदी वाटी ठेवून दोन झकास गोल मारले. मग दोन्ही चाकांचे मध्य एका सरळ दांडीने जोडले. वर सीट, हँडल, घंटी. घंटीवर बराच वेळ गेला. शेवटी चेन: पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, ऐसपैस.

"काका, दांडी पुढच्या चाकाला जोडलीत, आता हँडल वळणार कसं?"

"सरळच जायचं असेल तर?"

"आणि चेन पुढच्या चाकाला?"

"फोर व्हील ड्राइव्ह असते ना, तशी ही टू व्हील ड्राइव्ह."

टाळ्या. अक्षरशः टाळ्या. ताटली रांगेतून फिरली, कुणीतरी फोटो काढला, कुणी खाली सही करायला लावली.

त्या चित्रात नेमकं हेच उघडं पडतं. सायकल सगळ्यांनी हजारदा पाहिलेली असते, पण चेन पेडलपासून फक्त मागच्या चाकाकडे जाते आणि पुढचं चाक हँडलखालच्या फोर्कमध्ये सुटं फिरतं, हे कागदावर उतरवताना लक्षात येतं की पाहिलं काहीच नव्हतं. त्यातून सायकल जरा तिरकी ठेवली की चाकांचे गोल राहत नाहीत, लंबगोल होतात, आणि वाटी उपयोगाची नसते. हे सगळं मी सांगत होते तेव्हा रांग पुढे सरकून जिलेबीपाशी पोहोचली होती. हृदयाच्या डॉक्टरांना कुणी ताटलीवर हृदय काढून दाखवत नाही. चित्रकलेला मात्र सगळे पावशेर तज्ज्ञ.

त्या बाईंना जे सांगायचं राहून गेलं, ते क्रेडिटबद्दल, म्हणजे कॉलेजात अभ्यास ज्या मापाने मोजतात त्याबद्दल. लेक्चरच्या एका क्रेडिटला आठवड्याला साधारण एक तास वर्गात, स्टुडिओच्या एका क्रेडिटला दोन किंवा जास्त. म्हणजे कागदावर 15 क्रेडिट सारखेच दिसतात, पण एकीकडे 15 तास आणि दुसरीकडे 30, घरचं काम वेगळंच. शिवाय स्टुडिओ सलग अर्धा-पाऊण दिवस खातो आणि केमिस्ट्रीची लॅबही दुपारचा मोठा तुकडा मागते. दोन्ही एकाच वारी आले की एक पुढच्या वर्षावर जातं. रिझडीचं पहिलं फाउंडेशन वर्ष टाळता येत नाही, कारण पुढचे विभाग त्यावरच उभे आहेत. म्हणून न्यूरोसायन्सवाल्या मुलीने केमिस्ट्री कोणत्या वर्षी सुरू होणार आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री कुठे पडणार, हे आधी कागदावर मांडून बघावं. इथेच सहावं वर्ष लपलेलं असतं.

जागेचंही तसंच. ब्राउन आणि रिझडी प्रॉव्हिडन्स शहरातल्या एकाच टेकडीवर, चालत जाण्याइतके जवळ. पण दोन्हीकडे वेगवेगळा प्रवेश मिळवायचा, वर ड्युअलची समिती तिसऱ्यांदा चाळणार. दोन्हीकडे निवड होऊनही ड्युअल न मिळणं शक्य असतं, आणि मग 1 मेच्या आत दोहोंतलं एक सोडायचं. टफ्ट्सचं तसं नाही. तिथलं कलाविद्यालय 2016 पासून टफ्ट्सचाच भाग आहे. पण ते बॉस्टनच्या फेनवे भागात आणि मुख्य कॅम्पस नदीपलीकडे मेडफर्डला, मध्ये शटल. ओला ऑइलचा कॅनव्हास घेऊन गर्दीच्या बसमध्ये उभं राहून बघा. मात्र टफ्ट्सच्या कलाविद्यालयात कलेतला मेजर निवडावा लागत नाही, आज सिरॅमिक, उद्या प्रिंट. रिझडीत पहिल्या वर्षाअखेर विभाग ठरवायचा असतो. फर्निचरच करायचंय हे जिला ठाऊक आहे आणि जिला अजून काहीच ठाऊक नाही, त्या दोघींना एकच सल्ला देणारे लोक मला कळत नाहीत.

पोर्टफोलिओ, म्हणजे अर्जासोबत पाठवायचे चित्रांचे फोटो, घाईत फोनवर काढू नका. चित्राची काच काढा, दोन दिवे दोन्ही बाजूंनी 45 अंशांवर लावा, कॅमेरा चित्राला समांतर धरा. नाहीतर चौकोन एका बाजूला निमुळता होतो आणि कोळशाचा काळा ट्यूबलाइटखाली निळसर येतो. वर्षानुवर्षं मुलांची चांगली चित्रं अशा फोटोंनी वाया जाताना बघून माझं डोकं उठतं.

आणि पैसे. कॉलेजकडून आर्थिक मदतीचं पत्र येतं ते पहिल्या वर्षाचं. नववं आणि दहावं सेमिस्टर त्यात धरलंय का, पाचव्या वर्षी स्कॉलरशिप चालू राहते का, दोन्ही संस्था असतील तर कोणत्या वर्षाचं बिल कोण पाठवणार, हे तिन्ही प्रश्न डिपॉझिट भरण्याआधी ईमेलने विचारा. फोनवर कुणी "होईल हो काहीतरी" म्हणालं, तर नाव लिहून घ्या आणि त्याच माणसाला लगेच ईमेल करा: आपलं असं बोलणं झालं, बरोबर ना?