कार्बन फायबर गुंडाळलं की इमारत 50 वर्षं निश्चिंत?

मुंबई-ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर सतत फिरतोय: ‘कॉलमना कार्बन फायबर गुंडाळा. ते पोलादाच्या दहापट मजबूत असतं, आतला गंज थांबतो, तोडफोड लागत नाही, इमारत आणखी 50 वर्षं टिकते.’

कार्बनच्या बारीक तंतूंचं कापड किंवा पट्ट्या इपॉक्सी या गोंदाने काँक्रीटवर चिकटवायच्या, हे तंत्र खरोखर चांगलं आहे. 1991 साली स्वित्झर्लंडमध्ये लुसर्नजवळच्या इबाख पुलाची आतली केबल चुकून कापली गेली, तेव्हा 175 किलो पोलादाचं काम 6.2 किलो कार्बनच्या पट्ट्यांनी झालं. पण त्या पुलाचं काँक्रीट धड होतं.

‘दहापट’ हा आकडा नुसत्या तंतूचा. तंतू तुटायच्या कितीतरी आधी चिकटवलेली पट्टी खालच्या काँक्रीटचा पापुद्रा घेऊन सुटते. म्हणून अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या (एसीआय) मार्गदर्शिकेत चिकटीवर अवलंबून असलेल्या अशा कामासाठी काँक्रीटची पुल-ऑफ ताकद, म्हणजे पृष्ठभाग ओढून उपटायला लागणारा जोर, किमान 1.4 मेगापास्कल मागितली आहे. पोपडे सुटणाऱ्या कॉलमवर ती कुठून येणार?

गंजाबद्दलचं विधान तर धोकादायक आहे. क्षार आत राहिले तर सळई गुंडाळलेल्या थराखाली, म्हणजे रॅपखालीही गंजते, फुगते, आणि आता तडा दिसतही नाही. पोकळ काँक्रीट फोडणं, सळया साफ करणं, लागतील तिथे नव्या जोडणं, पॉलिमर मॉर्टरने भरून काढणं हे सगळं आधी करावंच लागतं. तोडफोड टळत नाही.

आणि आपले कॉलम? रॅप कॉलमला आवळून धरतो, काँक्रीट बाजूला फुगू देत नाही. गोल कॉलमला हे छान जमतं. चौकोनी कॉलममध्ये आवळण्याचा जोर कोपऱ्यांपाशी एकवटतो, म्हणून कोपरे घासून गोल करावे लागतात. आपल्याकडचे कॉलम मात्र 9 इंच बाय 30 इंच, भिंतीत लपलेले. कॉलमची रुंद बाजू अरुंद बाजूच्या दुपटीहून जास्त झाली की उभा भार पेलण्याची ताकद अशा आवळण्याने वाढते असं धरताच येत नाही. शिवाय चारही बाजूंनी गुंडाळायचं तर शेजारची भिंत फोडायलाच हवी. अशा कॉलमला बऱ्याचदा काँक्रीटचं जॅकेटिंगच, म्हणजे सळया लावून भोवती नव्या काँक्रीटचा थर देणंच, योग्य ठरतं.

आगीचा विषय त्या मजकुरात नाहीच. नेहमीचं इपॉक्सी 60 ते 80 अंश सेल्सिअसलाच मऊ पडू लागतं, म्हणजे आगीत रॅपचा भरवसा नाही. त्यामुळे रॅप नसतानाही इमारत रोजचा भार पेलते का, याचं लेखी गणित आणि पुल-ऑफ चाचणीचा अहवाल कमिटीने स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून मागावा, तोही कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देण्याआधी.