खुलासा : ‘झाडं म्हणजेच जंगल’ हा हिशेब चुकीचा आहे

‘हवामान करारांना फक्त कार्बनशी मतलब आहे. जुनं जंगल तोडून तिथे भराभर वाढणारी एकाच जातीची झाडं लावली तरी चालतं,’ असा संदेश सध्या फिरतोय. तो खोटा आहे.

२०१०च्या कानकून हवामान परिषदेत जंगलतोड रोखण्याच्या ‘रेड प्लस’ योजनेसाठी अटी ठरल्या. नैसर्गिक जंगलाचं लागवडीत किंवा दुसऱ्या कशात रूपांतर करण्यासाठी ही योजना वापरायची नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. अटी सगळीकडे नीट पाळल्या जातात का, हा वेगळा आणि रास्त प्रश्न. पण नियमच नाही असं म्हणणं बरोबर नाही.

आता कार्बनचं बघू. चीनच्या जिआंग्शी प्रांतात मोठा लागवड प्रयोग झाला. आठ वर्षांनी १६ जातींच्या मिश्र तुकड्यांत एकाच जातीच्या तुकड्यांच्या सरासरीपेक्षा दुपटीहून जास्त कार्बन साठला होता. शिवाय उष्ण कटिबंधातल्या अनेक जड लाकडाच्या झाडांच्या बिया मोठ्या असतात. टूकन किंवा धनेशासारखा पक्षी फळ गिळतो आणि बी दूर कुठेतरी टाकतो. शिकारीने असे पक्षी-प्राणी संपले की ती रोपं उगवणं कमी होतं, त्यांची जागा हलक्या लाकडाची, कमी कार्बन साठवणारी झाडं घेतात. वरून जंगल हिरवंगारच दिसतं (उपग्रहालाही!), आत कार्बनचा साठा मात्र हळूहळू घटत जातो.

त्या संदेशात एक गोष्ट मात्र खरी आहे : कोवळी लागवड सुरुवातीला कार्बन झपाट्याने ओढते. पण जुन्या जंगलाच्या खोडांत आणि मातीत शतकांचा साठा असतो, आणि तोडल्यावर त्यातला बराचसा थेट हवेत जातो.