पाटी कोणासाठी लावलेली आहे?

चिन्हमीमांसा, म्हणजे चिन्हांना अर्थ कसा येतो याचा अभ्यास, हा विद्यापीठातील भाषाविभागांचा आणि माध्यमविभागांचा विषय आहे, शाळेला त्याचे काय, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. माझे मत नेमके उलटे आहे. हा विषय माध्यमिक शाळेत मराठीच्या तासाला आला पाहिजे, आणि कोकण किनाऱ्यावर तर तो सर्वांत आधी आला पाहिजे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून इथले रस्ते, भिंती आणि आता मोबाईलचे पडदे अशा चिन्हांनी भरून गेले आहेत जी आपल्याविषयी बोलतात, पण आपल्याशी बोलत नाहीत. हा फरक ओळखता येणे म्हणजे भाषा येणे, असे मी मानते. आणि तो आपण मुलांना शिकवत नाही.

मालवणहून तारकर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या पाट्या पाहाव्यात. ‘अस्सल मालवणी जेवण’, ‘घरगुती मालवणी थाळी’, शेजारी सुरमईचे चित्र, सोलकढीचा गुलाबी पेला, माडाचे झाड, क्वचित कोळणीची रेखाकृती. या पाटीवरील प्रत्येक शब्द मालवणच्या मुलाला वाचता येतो, आणि तरीही ती पाटी त्याच्यासाठी नाही. त्याच्या घरी जे शिजते त्याला घरात कोणी मालवणी म्हणत नाही, नुसते जेवण म्हणतात. ‘मालवणी’ हे विशेषण बाहेरून येणाऱ्याला लागते, आणि ‘अस्सल’ हे त्याहूनही जास्त लागते.

रोलाँ बार्थ या फ्रेंच अभ्यासकाने १९६४ मध्ये ‘पँझानी’ या कंपनीच्या एका जाहिरातीचे जे विश्लेषण केले, ते मला या पाट्यांसमोर नेहमी आठवते. जाहिरातीत जाळीच्या अर्धवट उघड्या पिशवीतून पास्त्याची पाकिटे, टोमॅटो, कांदे, ढोबळी मिरची बाहेर डोकावत होती. बार्थचे म्हणणे असे की, कंपनीच्या नावाचा इटालियन उच्चार आणि चित्रातील लाल, हिरवा, पिवळा या रंगांचा मेळ मिळून तिथे एक ‘इटालियनपणा’ तयार होतो. प्रत्यक्ष इटलीशी त्याचा संबंध पातळ असतो. फ्रेंच माणसाच्या मनात प्रवासवर्णनांतून आणि पर्यटनातून जी इटली तयार झालेली असते तिच्याशी तो जोडलेला असतो. बार्थ पुढे असेही नोंदवतो की खऱ्या इटालियन माणसाला तो इटालियनपणा जवळपास जाणवणारच नाही. साठ वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये लिहिलेले हे वाक्य तारकर्लीजवळच्या देवबागच्या खाडीकाठावर जसेच्या तसे लागू पडते. पाटीवरचा मालवणीपणा मुंबई-पुण्याच्या डोळ्यांनी घडवलेला आहे. तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. पाटी लावणारी बाई आमच्यातलीच आहे आणि तिला आपल्या गिऱ्हाइकाची नाडी पक्की कळलेली आहे. माझा आक्षेप पाटीला नाही. वर्गात ती पाटी कधीच वाचली जात नाही, याला आहे.

पाटीपेक्षा बोलीचे प्रकरण अधिक नाजूक आहे. विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर केलेला अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या किनाऱ्याला तो इतका जवळचा आहे की कोकणातल्या प्रत्येक भाषाशिक्षकाने तो वाचायला हवा. मासेमारीवर पोट चालवणारे बेट, पण मासेमारी उतरणीला लागलेली, आणि दर उन्हाळ्यात मुख्य भूमीवरून पर्यटकांचा लोंढा. लबॉव्ह यांना असे आढळले की तिथले काही लोक दोन संयुक्त स्वरांचा (म्हणजे ‘आय’, ‘आव’सारख्या जोडस्वरांचा) उच्चार जुन्या, बेटाच्या वळणाने अधिक ठळकपणे करीत होते. वयाने सर्वांत म्हाताऱ्या लोकांत हे प्रमाण सर्वाधिक असेल अशी कोणाचीही अपेक्षा असणार. प्रत्यक्षात ते मधल्या पिढीत, चिलमार्क भागातील मच्छीमारांत आणि ज्यांनी बेटावरच राहायचे ठरवले होते त्यांच्यात सर्वाधिक होते. ज्यांचे मन बेटाबाहेर लागले होते त्यांच्यात ते कमी होते. उच्चारातला तो किंचित फरक म्हणजे ‘आम्ही इथले’ असे न बोलता सांगणे होते.

आता आपल्याकडे पाहावे. मालवणी, संगमेश्वरी, बाणकोटी, कोळी आणि आगरी बोली घेऊन मूल शाळेत येते, आणि पहिल्या काही वर्षांतच त्याला कळून चुकते की फळ्यासमोर एक भाषा चालते आणि अंगणात दुसरी. इतके तर सर्वत्रच होते. पण त्याच वेळी दूरदर्शन मालिकांतून आणि रिल्समधून त्याची बोली त्याच्याकडे परत येत असते, आणि येताना ती एका विशिष्ट कामाला जुंपलेली असते: हसवण्याच्या, फार तर भूतखेत रंगवण्याच्या. बँकेचा अधिकारी, डॉक्टर किंवा वैज्ञानिक गंभीर प्रसंगी त्या बोलीत बोलताना क्वचितच दिसतो. म्हणजे हेल आणि क्रियापदाचे रूप हे आता केवळ गाव सांगत नाहीत, तर पात्राचा स्वभावही आधीच ठरवून टाकतात. मुले हे फार लवकर उचलतात. मालवणीतल्या रिल्स मला मनापासून आवडतात, त्यांतील कित्येकांची शब्दकळा आजच्या छापील मराठीपेक्षा श्रीमंत आहे; तरीही कॅमेरा सुरू झाला की मुलांचा हेल घरच्यापेक्षा दुप्पट जड होतो तेव्हा मी थबकते. हा मार्थाज व्हिनयार्डचा अभिमान आहे की पाटीवरचा ‘अस्सल’पणा? बहुधा दोन्ही एकाच वाक्यात मिसळलेले असतात, आणि ते वेगळे करून पाहण्यासारखा भाषेचा दुसरा धडा नाही.

सगळीच चिन्हे अशी संदिग्ध असतात असे मात्र नाही. बंदरावरचा बावटा पाहा. फर्दिनां द सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञांच्या १९१६ मध्ये, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून जे सांगितले जाते, की चिन्ह आणि अर्थ यांचे नाते निसर्गदत्त नसून संकेताने ठरलेले असते, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. भारतातील बंदरांवर वादळाच्या इशाऱ्याची एकसारखी पद्धत १८९८ पासून आहे. दिवसा शंकूच्या आणि नळकांड्याच्या आकृत्या, रात्री लाल-पांढरे दिवे, आणि एकूण अकरा इशारे. तीन नंबरचा बावटा लागला की बंदरालाच वादळी वाऱ्याचा धोका आहे हे हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत तांडेलापासून, म्हणजे होडीच्या प्रमुखापासून, खलाशापर्यंत सर्वांना कळते, कारण तसे ठरले आहे आणि ते शिकवले गेले आहे. यातला अकरावा इशारा विशेष आहे. वादळाचा इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला आहे, एवढाच त्याचा अर्थ. बातमी येत नाही हीच धोक्याची बातमी, हे ज्यांनी चिन्हात बसवले त्यांना भाषा चांगली कळत होती.

हवामान खात्याचे रंगही असेच संकेत आहेत. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. पिवळ्यावर लक्ष ठेवायचे, नारिंगीवर सज्ज राहायचे, लालवर कृती करायची. चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस म्हणजे अतितीव्र वृष्टी, अशी मोजमापेही ठरलेली आहेत. पण हा संकेत वृत्तवाहिनीवर पोहोचला की त्याचे काय होते? लाल पट्टी, कर्कश संगीत, मागच्या कुठल्या तरी वर्षाच्या लाटांची दृश्ये आणि ‘कोकणात हाहाकार’ हे शब्द. कृती करण्याची सूचना देणारा रंग भीती दाखवणारा रंग होतो, आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडले की लोक ‘अंदाज फसला’ म्हणून मोकळे होतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आदळले, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले. अशा किनाऱ्यावर एका रंगाचा अर्थ झिजणे ही केवळ भाषेची हानी नाही.

स्टुअर्ट हॉल या ब्रिटनमधील माध्यम-अभ्यासकांनी १९७३ मध्ये दूरचित्रवाणीविषयी मांडले की संदेश पाठवणारा जो अर्थ भरतो तोच प्रेक्षक काढून घेतो असे नाही. कोणी तो तसाच स्वीकारतो, कोणी काही अंशी स्वीकारून आपल्या परिस्थितीशी जुळवून घेतो, कोणी पूर्ण उलटा वाचतो. मे महिन्यात ‘पर्यटकांनी कोकणचे किनारे फुलले’ ही बातमी येते. घरात खोल्या भाड्याने देणारा ती एका अर्थाने वाचतो, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढायला मोकळी वाळू शोधणारा दुसऱ्या, आणि टँकरची वाट पाहणारी वाडी तिसऱ्या.

हे सगळे परदेशातून आणून मुलांच्या माथी मारायचे का, असे कोणी विचारील. गंमत अशी की याचे साहित्य आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात शेवटच्या पानांवर पडून आहे. अभिधा म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, लक्षणा म्हणजे सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा घ्यावा लागणारा जवळचा अर्थ, आणि व्यंजना म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ. ‘घरावरून हत्ती गेला’ हे लक्षणेचे उदाहरण स्पर्धा परीक्षा देणाऱ्या कोणालाही झोपेत उठवले तरी सांगता येते, आणि त्यापुढे तो विषय संपतो. वास्तविक संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त व्यंजना समजावताना ‘सूर्य मावळला’ एवढे साधे वाक्य घेतले आहे. ते ऐकणाऱ्या प्रत्येकाला वेगळे काही सांगते: शत्रूवर चालून जाण्याची वेळ झाली, काम थांबवा, गुरे आत घ्या. व्यंग्यार्थ कशावर अवलंबून असतो याची यादीच त्याने दिली आहे, आणि तीत बोलणारा, ऐकणारा, आवाजाचा चढउतार, प्रसंग, स्थळ आणि काळ हे सारे आहे. अकराव्या शतकातील ही यादी हातात घेऊन तारकर्लीची पाटी आणि ‘कोकणात हाहाकार’ ही पट्टी दोन्ही वाचता येतात. आपण मात्र ती अलंकारांच्या शेजारी, दोन गुणांसाठी ठेवून दिली.

एक आक्षेप गंभीर आहे. मुलांना अजून सरळ वाचता येत नाही, तिथे तुमच्या व्यंजना कोणाला हव्यात? यावर माझे म्हणणे असे की वाचता येणे आणि माध्यम वाचता येणे या एकापुढे एक अशा पायऱ्या नाहीत. अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून पुढे आणलेली कल्पना साधी होती: दूरदर्शनवरील चित्रपटगीतांखाली त्याच भाषेत ओळी दाखवाव्यात, म्हणजे गाणे ऐकता ऐकता वाचनाचा सराव होतो. इथे करमणूकच वाचनाचे साधन होते. दुसरीकडे, केवळ शब्दसंग्रहही पुरत नाही. परभाषेतील कथात्मक मजकूर आधाराशिवाय समजायला त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असे हू आणि नेशन या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी २००० मध्ये दाखवले. ‘अस्सल मालवणी जेवण’ या पाटीवरील तर शंभर टक्के शब्द मुलाच्या ओळखीचे आहेत, तरीही ती कोणाशी बोलते हे त्याला कळतेच असे नाही.

म्हणून नववीच्या वर्गासाठी माझी मागणी अगदी मोजकी आहे. आठवड्यातून एक तास धडा बाजूला ठेवावा आणि मुलांनी गावातली एक पाटी, एक बातमी, एक रील आणावी. या तिन्हींविषयी हेच प्रश्न विचारावेत: हे कोण बोलते आहे, कोणाला उद्देशून बोलते आहे, आपल्यासाठी असते तर यातला कोणता शब्द गळला असता, आणि चित्र काढून टाकले तर काय उरते. उत्तरे प्रमाण मराठीत लिहून घ्यावीत. चर्चा मात्र मुलांना हव्या त्या बोलीत, हेल न बदलता, होऊ द्यावी. परीक्षेत याला गुण द्यायचे की नाहीत यावर मतभेद होऊ शकतात. माझ्या मते देऊ नयेत, नाहीतर पुढच्या जूनपर्यंत त्याचेही गाईड बाजारात येईल.